तीन चांदण्या दिसेपर्यंत

शुक्रवारी दिवा लावायच्या वेळेला भांडू नये, असं माझी आई म्हणायची. स्वतः मात्र ती नेमकी त्याच वेळेला भांडायची, आणि तो गुण माझ्यात पुरेपूर उतरला आहे. त्या शुक्रवारीही मी एका हाताने काचेच्या पेल्यात खोबरेल ओतत होते आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला धरून लेकीशी भांडत होते. थोडं तेल पेल्यात, थोडं ओट्यावर.

लेक इस्राएलमध्ये, समुद्रकाठच्या एका गावात. आम्ही दोघं इकडे कोळवणला. हे कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा म्हणाले, आता मला गाड्यांचे हॉर्न नकोत. म्हणून दोन खोल्यांचं घर बांधून इथे येऊन राहिलो. पुढे ओटा, समोर भातखाचरं, त्यापलीकडे डोंगर. दाराच्या चौकटीला आमची मेझुझा, म्हणजे धर्मवचन ठेवलेली डबी, लावलेली आहे. गावात आलो तेव्हा जो तो विचारायचा, ही डबी कसली? तुमी ख्रिस्ती का? मी सांगायचे, नाही हो, आम्ही बेने इस्राएल. ज्यू. पण कोकणातले, मराठीच. हे ऐकून समोरचा मान हलवायचा आणि घरी जाऊन सांगायचा, ख्रिस्ती हायेत.

तिकडचं घड्याळ आमच्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणजे शब्बाथ, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा आमचा विसाव्याचा दिवस, आधी आमच्याकडे येतो, मग तिच्याकडे जातो. दर शुक्रवारी आमच्या दिवेलागणीला तिचा फोन यायचा. तिच्याकडे तेव्हा अजून दुपार असायची. बोलणं झालं की ती म्हणायची, "शब्बाथ शालोम, आई," आणि सूर्य मावळायच्या आत फोन बंद करून कपाटात टाकायची. तो उघडायचा शनिवारी रात्री, तिकडच्या आभाळात तीन चांदण्या दिसल्यावर.

आम्ही काही एवढे कडक नाही. शुक्रवारी दिवा लावतो, किसमिस भिजवून सरबत करतो, हे त्यावर किद्दूशची प्रार्थना म्हणतात. शनिवारी मी कपडे धूत नाही, सुई हातात धरत नाही. पण गॅस पेटतो, टीव्ही लागतो, फोन वाजला तर उचलायचा. माझ्या आजोबांचा कोकणात तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, बैल मोकळा. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. तीन पिढ्यांत घाणा गेला, बैल गेला, आणि शनवार जमेल तेवढा उरला.

लेक मात्र तिकडे जाऊन पक्की झाली. लग्न केलं तेही तशाच मुलाशी. जावई मोरोक्कोकडच्या घरातला, दाढीवाला, मराठीचं एक अक्षर येत नाही. प्रेमाने केलंय लग्न, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गेल्या वर्षी दोघं इथे आली, तर लेकीने बॅगेतून स्वतःचं पातेलं काढलं. कागदाच्या पत्रावळी काढल्या. माझ्या घरात, माझ्या शेगडीवर, तिने दोघांपुरता वेगळा भात शिजवला. मी बघत राहिले. अहो, दूध आणि मांस एकत्र नको हा आमचा नियम, आमच्याकडे मटणात कधी दही पडलं नाही. बिनखवल्याचा मासा कधी उंबरठ्याच्या आत आला नाही. पण एकाच पातेल्यात कधी दूध तापतं, कधी रस्सा होतो, म्हणून माझी भांडी तिला चालेनात. आमच्या एलियाहू हन्नाबी संदेष्ट्याचा मलिदा मी तिच्यासाठी घातला होता, ओलं खोबरं, गूळ, वेलची घालून कालवलेले पोहे. त्यावर ठेवलेलं केळं तेवढं तिने सोलून खाल्लं. मी तेव्हा गप्प बसले. मी गप्प बसते तेव्हा हे घाबरतात.

आता तिला सहावा महिना लागला होता. आणि तिकडे लढाई. रोज सायरन, रोज तळघरात पळायचं. त्या शुक्रवारी मी तेच काढलं.

"सातवा लागायच्या आत इकडे ये," मी म्हटलं. "पहिलं बाळंतपण माहेरीच होतं आपल्यात."

"आई, इथे शेल्टर आहे. दवाखाना गल्लीच्या टोकाला आहे."

"इथे मी आहे."

"आहेस गं. पण मी तिथे खाऊ काय?"

झालं! माझं डोकं फिरलं. "माझ्या हातचं खाऊन एवढी घोडी झालीस ती काय हवेवर?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस. आणि उद्या दिवसभर तुझा फोन बंद. इथे आई मेली तरी तुला रात्री कळणार."

"आई, शब्बाथच्या तोंडावर असं काय बोलतेस?"

"बोलणार! उद्या मीच फोन बंद करून बसते. मग बघ कसं वाटतं."

"बस," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. शब्बाथ शालोम तिनेही म्हटलं नाही, मीही नाही.

ह्यांनी दिवा लागल्यावर फक्त एवढंच विचारलं, "झालं समाधान?" मी सरबताचा पेला त्यांच्यापुढे आपटला.

शनिवारी सकाळी मी चहा गाळत होते तेवढ्यात शेजारच्या मावशी आल्या. मावशी धनगराच्या. आता मेंढरं नाहीत, चार शेळ्या आहेत, आणि लावणी-काढणीला त्या लोकांच्या खाचरात जातात. आमचं दूध त्यांच्याकडूनच येतं. त्या कधी ओट्याच्या आत येत नाहीत, बाहेरूनच हाक मारतात. त्या दिवशी थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, टीवी लावला का न्हाई?"

"का हो?"

"तुमची लेक ऱ्हाती त्या मुलखात लई जाळ दावत्यात. रातचंच पडलंय म्हनं काय तरी. तुमी घाबरू नगा, म्हनून सांगाय आले."

मी टीव्ही लावला. एका इमारतीची अख्खी भिंत गेली होती. आतली खोली उघडी पडली होती, त्यात पडद्याचा दांडा लोंबत होता आणि पडदा तसाच होता. खाली गावाचं नाव आलं. बातम्या देणाऱ्या मुलीने ते नाव भलतंच उच्चारलं, पण मला वाचता येतं. माझ्या लेकीचं गाव.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. जावयाचा लावला, तोही बंद. बंदच असणार, शब्बाथ होता! मला माहीत होतं बंद असणार, तरी मी लावत होते. चहा गार झाला. मावशी दारातच उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून.

"अगं, थांब जरा," हे म्हणाले. "गाव काय एवढंसं आहे का? आणि तिचं घर त्या भागात आहे का, हे तरी कुठे माहीत आहे?"

"तुम्हाला माहीत आहे का?"

"नाही."

"मग गप्प बसा."

ह्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही. निवृत्त झाले त्या दिवशी देऊन टाकला, म्हणाले, तुझा आहे की. त्यामुळे जे काही येणार ते माझ्याच फोनवर. मी तो हातात धरून ओट्याच्या कोपऱ्यात बसले, कारण रेंज तेवढ्याच कोपऱ्यात धड येते. एकदा फोन, एकदा टीव्ही, एकदा फोन. टीव्हीवर तीच भिंत आणि तोच पडदा. प्रत्येक वेळी मी पडद्याचा रंग बघत होते. लेकीच्या घरचे पडदे कसले आहेत ते मला आठवेना. व्हिडिओवर इतक्यांदा बघितलं होतं, आणि आता आठवेना! मला स्वतःचा असा राग आला की विचारू नका.

शेवटी मी आत जाऊन एलियाहू हन्नाबीच्या तसबिरीपुढे उभी राहिले. आमच्या घराघरांत ती असते. अग्नीच्या रथातून स्वर्गात चाललेला संदेष्टा. अडलं-नडलं की आम्ही त्यालाच नवस बोलतो. मी हात जोडून म्हटलं, माझी लेक आणि तिच्या पोटातलं सुखरूप असू दे, मी मलिदा घालीन.

हे मागे येऊन उभे होते. मला म्हणाले, "मलिदा तू दरवर्षी घालतेसच."

"मग?"

"मग तो नवस कसला? नवस म्हणजे जे आपल्याला जड जातं ते."

एरवी मी त्यांना असं काही सुनावलं असतं की दोन दिवस पुरलं असतं. पण ते खरं बोलत होते. मला काय जड जाईल ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. ते माझ्या हातातच होतं.

"ठीक आहे," मी तसबिरीला म्हटलं. "तू तिला सांभाळ. मी आजचा शब्बाथ तिच्यासारखा पाळते. चांदण्या दिसेपर्यंत गॅस नाही, टीव्ही नाही, आणि हा नाही." आणि मी फोन बंद केला.

हे दचकले. "अगं, असं म्हणालो नव्हतो मी. फोन कशाला? तो चालू राहू दे."

"तिचा बंद आहे ना? मग मला कोण फोन करणार आहे?"

शब्बाथला ती फोनला हात लावत नाही, ही तर दगडावरची रेघ. मी फोन तांदळाच्या डब्यात खोल खुपसला आणि झाकण दाबून बसवलं. टीव्ही बंद केला. घर एकदम गप्प झालं आणि ते गप्प घर मला खायला उठलं.

तो दिवस कसा गेला ते मी सांगू शकत नाही, पण सांगते. आदल्या दिवशीची भाजी गारच खाल्ली, म्हणजे ह्यांनी खाल्ली. मी ताटावरून उठले. हे दाविदाची स्तोत्रं घेऊन बसले आणि पुटपुटत राहिले. मी घरातून ओट्यावर, ओट्यावरून घरात. भात पोटरीला आलं होतं, खाचरांवर वारा फिरत होता, आणि मला त्या एवढ्या शांत हिरव्या रंगाचा संताप येत होता. दर थोड्या वेळाने पाय आपोआप तांदळाच्या डब्याकडे जायचे. एकदा तर झाकणाला हातही लावला. ह्यांचं पुटपुटणं थांबलं. मी वर बघितलं तर ते माझ्याकडे बघत होते, पुस्तकावर बोट तसंच ठेवून. मी झाकण पुन्हा दाबलं.

दुपार कलल्यावर मावशी परत आल्या. ह्या वेळी त्यांच्या हातात सुनेचा फोन होता.

"घ्या ताई. हिच्यात पैसं हायेत. लावा पोरीला."

"नको मावशी. आज शब्बाथ आहे. नवस बोललेय."

"नवस तुमच्या फोनचा बोललाय न्हवं? ह्यो सुनंचा हाय."

काय सांगू, मी हात पुढे केला होता. खरंच केला होता. देवाला फसवायला माणूस किती चटकन तयार होतो! फोनची काच माझ्या बोटांना लागली, आणि मग मी हात मागे घेतला. म्हटलं, "नको. मी ह्यात लबाडी केली आणि तिकडे काही वाईट झालं, तर मी कुठे तोंड लपवू?"

मावशींना ते लगेच पटलं. त्यांनी फोन कमरेला खोचला आणि पायरीवर बसल्या.

"आमचं मानूस मेंढरं घिऊन कोकणात जायचं," त्या म्हणाल्या. "दिवाळी झाली की जायचं ते पावसाच्या तोंडावर यायचं. मदी फोन न्हाई, चिठ्ठी न्हाई. एका साली वाघानं मानूस धरलं अशी बातमी आली, आन कुनाचं ते काय कळंना."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? शेरडं चारली. आन रोज रातच्याला एक भाकर जादा थापली. आवचित आलं तर उपाशी कशापायी निजंल?"

"आणि नाही आले तर?"

"सकाळच्याला शिळी मीच खायची," मावशी म्हणाल्या आणि हसल्या. "लई शिळं खाल्लं बगा त्या साली."

त्या शेळ्या सोडायला निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, येते सांजच्याला.

संध्याकाळ झाली आणि माझ्या नशिबाने आभाळ भरून आलं. डोंगराच्या डोक्यावर ढग येऊन बसला तो हलेना. सूर्य गेला, अंधार पडला, शेजारी दिवे लागले, पण आभाळात चांदणी म्हणून नाही. हे म्हणाले, "अगं, घड्याळाप्रमाणे शब्बाथ कधीच संपला. काढ तो फोन."

"मी घड्याळापर्यंत बोलले नव्हते. चांदण्या दिसेपर्यंत बोलले होते."

"तुझा हट्ट म्हणजे ना!"

"असू दे."

आम्ही दोघं ओट्यासमोर अंगणात मान वर करून उभे राहिलो. शेवटी डोंगराच्या उजव्या अंगाला ढग फाटला. एक दिसली. मग तिच्या खाली दुसरी, बारीकशी. तिसरी दिसेचना. ह्यांनी बोट केलं, "ती बघ, ती बघ," आणि मला ती दिसायच्या आत मी घरात पळाले. तांदळाचा डबा उलटा केला. तांदूळ फरशीभर. फोन चालू केला, कोपऱ्यात येऊन उभी राहिले, आणि तो थरथरला.

लेकीचे तीन मिस्ड कॉल. भरदुपारचे.

मी ते ह्यांना दाखवले. मला वाटलं हे म्हणतील, बघ, जिवंत आहे. मीही तेच म्हणणार होते. पण ह्यांचा चेहरा बघून माझे शब्द तोंडात राहिले. दिवसभर मला धीर देणारा माणूस पायरीवर मटकन बसला.

"शब्बाथला फोन केला तिने," ते म्हणाले.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शब्बाथ मोडायला आमच्यात एकाच गोष्टीसाठी मुभा आहे. जिवावर बेतलं असेल तर. एरवी माझी ती पक्की पोर फोनला हात लावणार नाही, आई मेली तरी नाही. तिने तीन वेळा लावला होता. आणि मी तो तांदळात पुरून ठेवला होता!

मी लगेच फोन लावला. बंद. जावयाचा, बंद. तिकडे अजून शब्बाथ होता. आमच्या चांदण्या उगवल्या होत्या, त्यांच्या उगवायच्या होत्या.

"मेसेज का नाही केला?" मी ओरडले. "तीनदा फोन केला तर दोन शब्द लिहायचे होते! का नाही लिहिले?"

ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि ते तीन कॉल पुन्हा बघितले.

"नवस म्हणजे जड ते! तुम्हीच सांगितलंत. झालं आता समाधान?"

हे बोलणं क्रूर होतं, पण त्या वेळी मला कोणाला तरी ओरबाडायचं होतं. ह्यांनी मान खाली घातली. त्यांचे ओठ हलत होते, सकाळचंच स्तोत्र, पण पुस्तक आत राहिलं होतं आणि ते मध्येच अडकत होते. तीच ओळ पुन्हा पुन्हा. मग मी त्यांच्याजवळ बसले आणि अडकले तिथे मी पुढचा शब्द सांगितला. मला वाटलं होतं मला तो येत नाही.

मावशी बोलल्याप्रमाणे आल्या. फडक्यात भाकरी आणि चटणी. भाकरी ओट्यावर ठेवली आणि पायरीच्या खालच्या अंगाला बसल्या. ढग निघून गेला होता आणि आता आभाळ चांदण्यांनी नुसतं फुललं होतं. मला ते बघवेना. अर्धं तिकडे पाठवता आलं असतं तर!

साडेनऊ झाले, म्हणजे तिकडे चांदण्या उगवायची वेळ. आणि फोन वाजला.

जावयाचा नंबर. लेकीचा नाही. त्यांचं लग्न झाल्यापासून जावयाने मला एकदाही फोन केला नव्हता. बोलणार कुठल्या भाषेत? मी फोनकडे बघत राहिले. हे म्हणाले, "उचल." मी म्हटलं, "तुम्ही उचला." त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मी उचलला.

"आई," जावई म्हणाला. त्याला मराठीतला तेवढाच एक शब्द येतो. पुढे काहीतरी भराभर त्याच्या भाषेत. माझ्या कानात नुसता गूं आवाज. मी ओरडले, "ती कुठे आहे? ती कुठे आहे?" तिकडे खुडबुड झाली आणि मग आवाज आला.

"आई! तू फोन का बंद ठेवलास?"

लेक. रडत होती आणि ओरडत होती, दोन्ही एकदम. माझीच पोर, दुसरं कोण असणार? मी ह्यांच्याकडे बघून मान हलवली आणि त्यांनी तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

"तू का केलास शब्बाथला?" मीही ओरडले. "इथे आमचा जीव गेला! काय झालंय? बाळ कसं आहे? कुठे लागलंय?"

"कुठे काही लागलं नाही. पलीकडच्या गल्लीत पडलं. आम्ही खाली शेल्टरमध्ये होतो. काचा फुटल्या घरातल्या, तेवढंच. बाळ लाथा मारतंय."

"मग फोन कशाला केलास?"

"तू टीव्ही बघत असशील म्हणून! तू बघून बघून मरशील हे मला माहीत नाही? रात्रभर माझ्या डोक्यात तेच. सकाळी हाच म्हणाला, आईला फोन लाव. धर्मगुरूंना, राब्बींना मागून विचारू." हाच म्हणजे जावई. दाढीवाला. "मी म्हटलं दोन शब्द बोलते आणि ठेवते. शब्बाथला लिहायचं धाडस झालं नाही मला. आणि तू बंद! मी तीनदा लावला, आई. मला वाटलं, बोलली होतीस तसं केलंस. इथे घराच्या काचा फुटल्यात आणि माझी आई तिकडे रुसून फोन बंद करून बसलीय. मग मी ठेवून दिला. माझा स्वतःचा फोन पुन्हा चालूच करावासा वाटला नाही. ह्यानेच आत्ता त्याच्यावरून लावला."

"रुसून नाही गं," मी म्हटलं.

"मग?"

"शब्बाथ होता," मी म्हणाले.

मला वाटलं रेंज गेली.

"कोणाचा?" तिने विचारलं.

"कोणाचा म्हणजे? माझा! शनवार तेल्याची नात आहे मी. तूच काय ती एकटी आहेस पाळणारी? सकाळी बातमी बघितली, त्यानंतर गॅस पेटवला नाही की टीव्ही लावला नाही. तुझ्या बापाने गार भाजी खाल्ली. विचार."

ती जावयाला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायला लागली. मध्येच तिला हसू फुटत होतं, मध्येच हुंदका. तो मागून काहीतरी म्हणाला, मोठ्याने. मग तिचा आवाज जवळ आला, अगदी लहानपणी तापात असताना यायचा तसा.

"आई."

"काय गं?"

"विमानं सुरू झाली की येते. सातवा लागायच्या आत. दोन पातेली आणून ठेव. नवी. एक दुधाचं, एक मटणाचं. एकमेकांना लावू नकोस."

"डावसुद्धा दोन?"

"डावसुद्धा दोन. आणि मलिद्याला पण वेगळं घे. मला खायचाय."

मी फोन ह्यांच्याकडे दिला. ते कानाला लावून नुसते "हं, हं" करत राहिले. मी पायरी उतरले. मावशी उठून उभ्या राहिल्या.

"काय म्हनती लेक?"

"येतेय," मी म्हटलं. "पातेली आणायला सांगितलीत."

"हात्तिच्या! घरात एवढी पातेली हायेत की."

"आहेत हो," मी म्हणाले. "पण नवी आणायचीत." एवढं बोलले आणि दिवसभर दाबून ठेवलेलं रडू मला फुटलं, ते मावशींच्या खांद्यावर. त्यांनी मला थोपटलं आणि म्हणाल्या, "रडा, रडा. आन मग भाकर खावा, ताजी हाय."